खुलभर दुधाचा हिशेब

श्रावणी सोमवारच्या कहाणीतला राजा दुष्ट नव्हता. महादेवाचा गाभारा दुधानं भरावा, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं दवंडी पिटवली आणि नगरातलं सगळं दूध देवळात आणवलं. लोकांनी धाकानं घागरी रित्या केल्या. वासरांना थेंब उरला नाही, लेकरांना उरला नाही, आणि गाभारा तो गाभारा, भरलाच नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिनं घरातल्या सगळ्यांना खाऊपिऊ घातलं होतं, वासरांना पाजलं होतं, गाईंपुढे चारा टाकला होता. मग उरलेलं खुलभर दूध घेऊन ती देवळात आली आणि तेवढ्यानं गाभारा काठोकाठ भरला. राजानं कारण विचारलं तेव्हा तिनं सुनावलं, की वासरांना नि लेकरांना तळमळत ठेवून आणलेलं दूध देवाला आवडत नाही.

लहानपणी या कहाणीतला चमत्कारच मोठा वाटायचा. आता मला त्यातला क्रम मोठा वाटतो. म्हातारी देवाकडे निघाली ती घरातल्या भुकेची दखल घेऊन. राजाचं दूध कितीतरी पट जास्त होतं, पण ते त्याचं नव्हतंच. ते वासरांच्या तोंडचं होतं. देण्याची मोजदाद करताना दूध किती आणलं यापेक्षा ते कुणाच्या वाट्यातून आणलं हे आधी पाहावं, असं ही कहाणी सांगते. कुठल्याशा निनावी आजीबाईनं कधी काळी रचलेली ही गोष्ट माझ्या मते मराठीतली औदार्याबद्दलची सगळ्यात शहाणी गोष्ट आहे.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात राहते. शेंद्रा म्हटलं की आता लोकांना कारखाने आठवतात: जालना रोडच्या कडेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, तिथला मोटारींचा कारखाना, ऑरिक या नव्या औद्योगिक शहराचे रुंद रस्ते. शेंद्रा कमंगर, कुंभेफळ, लाडगावच्या शिवारांत जिथं ज्वारी नि कपाशी डोलायची, तिथल्या कितीतरी तुकड्यांवर आज शेड उभ्या आहेत आणि गावांच्या कडेनं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या आहेत. एका खोलीत हिंगोलीचं कुटुंब, पलीकडे बिहारचं, त्याच्या पलीकडे वाशीमचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी या खोल्यांमधल्या लेकरांना मी गोष्टी सांगते. जुन्याही सांगते, नव्याही. दोन्ही एकाच ओसरीवर, त्याच मुलांना सांगितल्या की त्यांच्यातला फरक आपोआप दिसू लागतो.

खुलभर दुधाची कहाणी संपली तेव्हा एका मुलीनं विचारलं, “बाई, राजानं मग वासरांचं दूध परत दिलं का?” गाभारा कसा भरला, हे तिनं विचारलं नाही. तिची आई रात्रपाळीला जाते आणि घरात एक तान्हं भावंड आहे. तिच्यासाठी कहाणी देवळात घडलीच नव्हती, गोठ्यात घडली होती.

नव्या गोष्टींमधली जगभर गाजलेली एक गोष्ट मी त्यांना सांगितली. मार्कुस फिस्टर या स्विस चित्रकार-लेखकानं १९९२ मध्ये लिहिलेली, इंद्रधनुषी माशाची. चमचमत्या खवल्यांचा देखणा मासा. एक छोटा मासा एक खवला मागतो, हा झिडकारतो. मग कुणी त्याच्याशी खेळेनासं होतं. शेवटी ऑक्टोपसच्या सल्ल्यानं तो एकेक खवला वाटत जातो, स्वतःला एकच ठेवतो आणि आनंदी होतो. पुस्तकातली चित्रं इतकी सुरेख आहेत की मुलांनी पानावरून बोटं फिरवली. पण एका मुलाच्या कपाळाला आठी पडली. “आता एकच राहिला ना? उद्या अजून एक मासा आला तर?”

त्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही, आणि नसण्याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. त्या समुद्रात कुणालाच खवल्याची गरज नाही. खवला मिळाला नाही म्हणून कुणी उपाशी झोपत नाही. जे दिलं जातं ते शोभेचं आहे आणि त्या बदल्यात मैत्री मिळते. आजच्या बऱ्याचशा बालकथांमधलं औदार्य असं आहे. खेळणं, खाऊचा डबा, रंगपेटी, झोपाळ्यावरची पाळी. ज्या घरांमध्ये या गोष्टी जन्मल्या, तिथं मुलांपुढचा प्रश्न खरोखरच तेवढा असतो, आणि तो लहान नाही. आपली बाहुली दुसऱ्याच्या हातात देताना चार वर्षांच्या पोराच्या पोटात काय होतं, हे जुन्या कहाणीनं कधी विचारलं नव्हतं. नव्या लेखकांनी ते विचारलं, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला खाली बसून विचारलं, हे त्यांचं ऋण मी मानते.

तरी एक गोष्ट मला खटकत राहते. या कथांमध्ये मूल नेहमी देणारं असतं. ज्याला द्यायचं तो छोटा मासा, तो गरीब मित्र, ती थंडीत कुडकुडणारी म्हातारी यांना नाव नसतं, आधीचं आयुष्य नसतं, मत नसतं. ते येतात, घेतात, हसतात आणि जातात. गोष्ट ऐकणाऱ्या मुलानं आपणही कधी तिथं उभे असू, असं मनात आणावं याला वावच नसतो. माझ्यासमोर ओसरीवर बसलेल्यांपैकी काही लेकरं मात्र आज तिथंच उभी असतात. गॅस संपलेल्या दिवशी, ठेकेदाराचा पगार लांबलेल्या आठवड्यात.

जुनी कहाणी इथं वेगळी वागते. बुध-बृहस्पतीच्या कहाणीत राजाच्या घरी मामा-भाचे भिक्षेला येतात. सुना आपापल्या कामात असतात. हात गुंतलेले आहेत, नंतर या, असं सांगून त्यांना परत लावतात. दिवस फिरतात, वैभव जातं, घरात करायला काम उरत नाही. मामा-भाचे पुन्हा दारात उभे राहतात. आता सगळ्यांचे हात मोकळे आहेत आणि त्या हातांत घालायला काही नाही. धाकटी सून पुढे होते नि म्हणते, होतं तेव्हा दिलं नाही, आता द्यावंसं वाटतं तर घरात काही नाही. पुढे व्रत येतं, वैभव परत येतं. कहाण्यांची ती रीतच आहे. पण मुलं थांबतात ती मोकळ्या हातांपाशी. एका दमात, एकाच माणसाच्या आयुष्यात, देणाऱ्याची जागा आणि मागणाऱ्याची जागा बदलून दाखवणं नव्या बालकथेला सहसा जमलेलं नाही.

शुक्रवारच्या कहाणीतली बहीण तर घेणाऱ्या माणसाचा मान काय असतो तेच शिकवते. श्रीमंत भाऊ सगळ्या गावाला जेवू घालतो, गरीब बहिणीला मात्र बोलावत नाही. ती लेकरांना घेऊन आपणहून पंगतीला बसते, तर तिला हात धरून उठवतो. दिवस पालटतात. बहीण संपन्न होते तेव्हा तोच भाऊ आग्रहाचं आमंत्रण देतो. ती येते, अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेक पक्वान्न एकेका दागिन्यापुढे ठेवते. भाऊ विचारतो, हे काय? ती सांगते की जेवायला बोलावलंस ते यांना, मला नव्हे. हजार पानं वाढूनही माणूस कृपण असू शकतो, हे इतक्या थोड्यात सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

या कहाण्या मला इतक्या आतून कळतात त्याला कारण आहे. १९७२च्या दुष्काळात मी लहान होते. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मी धाकट्या भावाला घेऊन कडेला बसायची. तिथं सुकडी मिळायची. घरी लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या, त्या घशाखाली उतरायच्या नाहीत आणि तरी उतरवाव्या लागायच्या. रांगेत हात पुढे करून उभं राहणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. पण त्या दिवसांतली सगळ्यात ठळक आठवण सुकडीची नाही. शेजारच्या काकू संध्याकाळी पदराआडून पायलीभर ज्वारी आणून द्यायच्या आणि मायला बजावायच्या, “सुगीला माप करून परत घेईन बरं का.” आमच्याकडून ती परत येणं कठीण आहे हे त्यांनाही माहीत होतं, मायलाही. पण त्या एका वाक्यानं माय ताठ मानेनं ज्वारी घेऊ शकली. मायच्या मानेचा त्यांनी केलेला विचार त्या ज्वारीइतकाच आमच्या घरी पुरला. चांगली गोष्ट हा विचार मुलाच्या मनात रुजवू शकते, असा माझा विश्वास आहे. तो विश्वास नसता तर मी रविवारची ओसरी झाडून सतरंजी अंथरली नसती.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या सतराव्या लेणीत विश्वंतर जातक रंगवलेलं आहे. पाचव्या शतकातल्या, वाकाटक काळातल्या त्या भिंतीवर दानशूर राजपुत्राची कथा दृश्यामागून दृश्य उलगडत जाते. मागेल त्याला मागेल ते द्यायचं, हे त्याचं व्रत. पाऊस आणणारा राज्याचा पांढरा हत्ती तो शेजारच्या राज्याला देऊन टाकतो. प्रजा चिडते, त्याला वनवास घडतो. वनात जूजक नावाचा ब्राह्मण त्याची मुलंच मागतो आणि तो जाली नि कृष्णाजिना या दोन्ही लेकरांचं दान करतो. कथेत ती भेदरलेली पोरं कमळाच्या तळ्यात लपून बसतात. बाप त्यांना हाक मारून बाहेर बोलावतो आणि परक्याच्या हाती सोपवतो. पुढे आजोबा मुलांना सोडवून घेतात, सगळं मार्गी लागतं. पण तळ्यात लपलेली ती लेकरं माझ्या मनातून जात नाहीत.

आपल्याकडच्या श्रियाळ-चांगुणेच्या कथेतही हीच गत. श्रीधरांच्या शिवलीलामृतातून ती घरोघर पोचली. अतिथीचं मागणं पुरवायचं म्हणून आईबाप आपल्या लेकराला, चिलयाला मारतात आणि चांगुणा त्याचं मस्तक उखळात कांडते. आमच्या आज्या ही कथा ऐकताना पदरानं डोळे पुसत. भक्तीची कसोटी म्हणून मोठ्यांनी ती ऐकावी, तिच्यातली वेदना खरी आहे. पण माझ्या ओसरीवर ती सांगायला मी धजत नाही. जे दिलं जातंय त्याला काय वाटतं, हे दोन्ही कथा विचारत नाहीत. राजानं वासरांचं दूध दिलं. विश्वंतरानं लेकरं दिली. खुलभर दुधाच्या कहाणीतली म्हातारी राजाला जे सुनावते, ते विश्वंतराला सुनावणारं कुणीच त्या कथेत नाही.

नव्या काळातही ही चूक घडते. शेल सिल्व्हरस्टीनच्या १९६४च्या प्रसिद्ध पुस्तकातलं झाड एका मुलाला जीव लावतं. त्याला फळं देतं, फांद्या देतं, खोड देतं, आणि अखेर तो म्हातारा होऊन येतो तेव्हा बसायला आपला बुंधाही देतं. जगभर हे पुस्तक निःस्वार्थ प्रेमाची गोष्ट म्हणून वाचलं जातं. मला त्यात आमच्या गावांतल्या कितीतरी आया दिसतात, ज्यांना कुणी कधी पाणी घातलं नाही. मुलींना ही गोष्ट सांगताना मी थांबते आणि विचारते, झाडानं नाही म्हटलं असतं तर चाललं असतं का? आधी सगळ्या गप्प होतात, मग एकदम बोलू लागतात. नाही म्हणण्याचा हक्क ठेवूनच देण्याला किंमत येते, हे मुलींना कळायला हवं. आजच्या बालसाहित्यानं हा हक्क मुलांना हळूहळू मिळवून दिला आहे. जुन्या कथांकडे तो नव्हता.

दोन्हींमधलं चांगलं एकत्र नांदू शकतं याचा पुरावाही आहे. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनानं संध्या राव यांचं ‘एक्की दोक्की’ काढलं, ते आपल्याच मराठी लोककथेवरचं चित्रपुस्तक. एका केसाची बहीण आणि दोन केसांची बहीण. एका केसाची एक्की रानात वाट चुकते. भुकेली, दमलेली असतानाही ती वाटेतल्या मेंदीच्या झुडपाला पाणी घालते, गाईला चारा देते. पुढे एका म्हातारीच्या झोपडीत तिला ऊन पाणी मिळतं, जेवण मिळतं, भरघोस केस मिळतात. मेंदी आणि गाय यांच्याकडे लक्ष द्यायला दोक्कीला वेळ नसतो. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या संग्रहातली फ्राऊ होले याच घराण्यातली. तिथं मुलगी भट्टीतून पाव काढते, लगडलेलं सफरचंदाचं झाड हलवते. दूरदूरच्या आज्यांनी एकमेकींना न भेटता हेच सांगितलं. मला एक्कीत सगळ्यात आवडतं ते हे, की ती एकाच दिवसात देते आणि घेतेही. झुडपाला पाणी देणारी तीच, म्हातारीच्या दारात उपाशी उभी राहणारी तीच. माझ्या ओसरीवरच्या लेकरांना ती लगेच आपली वाटते.

गोष्टीच्या शेवटी तात्पर्य चिकटवण्याची सवय मात्र आपण आता सोडावी. ती सवय मराठी छपाईइतकीच जुनी आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये सख्खन पंडितांचं ‘बालबोधमुक्तावली’ निघालं, ते इसापनीतीचंच मराठी रूप. मराठी मुलाच्या हाती छापील गोष्ट आली ती अशी बोध घेऊनच. शाळेत मीही वर्षानुवर्षं फळ्यावर तात्पर्य लिहिलं. पण सांगितलेल्या गोष्टीचं बळ मुलांच्या प्रश्नांत असतं. संत एकनाथांचं पैठण आमच्याच जिल्ह्यातलं. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट सांगून मी गप्प बसते. एक जण म्हणतो, एवढं चालले ते वाया गेलं. दुसरी म्हणते, वाया कसं, गाढव जगलं की. तिसरा विचारतो, सोबतच्यांच्या कावडीत पाणी नव्हतं का? त्या तिसऱ्या प्रश्नानंतर तात्पर्य लिहायला खडू उचलावासा वाटत नाही.

माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी मराठीत ही वाट दाखवली. रोजचं घर, रोजची माणसं, कुठंही बोट उगारून सांगणं नाही. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर कितीतरी भाषांतल्या गोष्टी फुकट वाचता येतात. आमच्या खोल्यांमधली मुलं वडलांच्या मोबाइलवर एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीत वाचून दाखवतात, तेव्हा बिहारचं पोर नि हिंगोलीचं पोर एका पानावर येतात. साधनं आहेत, चित्रकार आहेत, वाचणारी मुलं आहेत. उणीव आहे ती गोष्टींची. घेणाऱ्याच्या जागेवरून सांगितलेल्या, आजच्या गोष्टींची.

त्या गोष्टी आमच्या रस्त्यावर घडून गेल्या आहेत. २०२०च्या टाळेबंदीत जालना रोडवरून माणसं चालत होती. ८ मे रोजी पहाटे, इथून जवळच करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीनं चिरडलं. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला निघालेली ती माणसं होती. वाटेसाठी घेतलेल्या त्यांच्या चपात्या रुळांवर विखुरल्या होत्या. ते छायाचित्र देशानं पाहिलं, आम्ही तो रस्ता पाहिला. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या बायकांनी पिठलं-भाकरी बांधून दिली. एका चालणाऱ्या माणसानं चारातल्या दोनच भाकरी घेतल्या आणि बाकीच्या परत ठेवल्या. मागून अजून येताहेत, त्यांना होतील, म्हणाला. मी त्याला दाता म्हणते. हातात काही नसताना तो देऊन गेला. एवढ्या वर्षांत मी वाचलेल्या मुलांच्या गोष्टींत असा माणूस मला भेटलेला नाही.

चैत्रात शेंद्र्याला मांगीरबाबाची जत्रा भरते. दूरदूरच्या गावांहून लोक येतात, चुली मांडतात, कंदुरी करतात. शेजारच्या चुलीवरचा माणूस हाक मारून पानावर बसवतो, आणि पुढच्या वर्षी आपली चूल पेटलेली असते तेव्हा कुणी दुसरा आपल्या पानावर असतो. इथल्या लेकरांना हे घेणं-देणं पुस्तकाबाहेर रोज दिसतं. त्यांच्या पुस्तकांना ते अजून दिसलेलं नाही.

म्हणून मराठीत लिहिणाऱ्या तरुण लेखकांकडे माझं एक मागणं आहे. भाड्याच्या खोल्यांच्या रांगेतली एक गोष्ट लिहा. गॅस संपलाय म्हणून एक मुलगी शेजारी भाकरी मागायला जाते. तिथली बाई तान्ह्याला पाजून घेते, आपल्या घरचं पाहते आणि मग देते. कदाचित त्या दिवशी देऊ शकत नाही, आणि तसं सरळ सांगते. मागणाऱ्या मुलीला नाव द्या, राग द्या, लाज द्या, आणि पुढच्या पानावर तिच्या दारात कुणाला तरी उभं करा. त्या वेळी ती काय करते ते तिला ठरवू द्या. अशी गोष्ट मला मिळाली तर पुढच्या रविवारी पहिली तीच सांगेन, आणि नंतर लगेच खुलभर दुधाची.